विमानाच्या मॉडेलला खऱ्या धातूची झळाळी कशी आणावी

मंडळाच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागच्या काचेच्या कपाटात मिग-२१ विमानाचे मॉडेल ठेवल्यापासून आम्हाला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : "हा रंग आहे की पत्रा?" उत्तर असे की बहुतांशी रंग आहे आणि थोडा पत्राही आहे. दर वेळी जिन्यात उभे राहून हे समजावणे होत नाही, म्हणून सभासदांसाठी आणि विशेषतः सुट्टीत किट घेऊन बसणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी ही माहिती एकत्र लिहून ठेवत आहोत.

आम्ही म्हणजे तिघे. दोघे बँकेतून निवृत्त झालेले, आणि तिसरे उद्यमबागेत अनेक वर्षे लेथ चालवलेले. प्लॅस्टिकची किट जोडण्याचा नाद तिघांनाही निवृत्तीनंतर लागला. हिरवी-करडी विमाने आम्ही बरी करत होतो. पत्र्याच्या उघड्या रंगाचे विमान मात्र दोनदा बिघडले आणि तिसऱ्यांदा जमले. तेव्हा जे लिहितो आहोत त्यातील बरेचसे चुकांच्या खात्यातून आले आहे.

आधी खरे विमान पाहावे

सुरुवात अण्णांपासून करावी लागेल. अण्णा आमचे ज्येष्ठ सभासद, वायुदलातून तांत्रिक विभागातून निवृत्त झालेले. सांबऱ्याला प्रशिक्षण घेऊन बाहेर पडले आणि पुढे बरीच वर्षे मिग-२१ एफएल या प्रकारावर काम केले. हे विमान आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले जाई. इंजिन कोरापुटहून येई. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला शेवटचा निरोप दिला गेला, तो कार्यक्रम अण्णांनी घरी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिला. तोपर्यंत त्यांच्यासाठी मॉडेल तयार करायचे असे आम्ही जुलैतच ठरवले होते. अण्णांची दृष्टी कमी होत चालली आहे, त्यामुळे फार वेळ लावून चालणार नव्हते.

पहिले मॉडेल ऑगस्टमध्ये त्यांच्यासमोर ठेवले. बाजारातील चंदेरी रंगाचा डबा, वरून चकचकीत वार्निश. अण्णांनी ते खिडकीजवळ नेले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "मॅनेजरसाहेब, हे विमान आहे की बारशाला दिलेला चांदीचा पेला?" नंतर थोड्या वेळाने : "आणि याची शेपटी कुठून सुटते? इंजिन काढायचं तर मागचा अर्धा भाग सगळा मागे ओढून काढावा लागतो. ती रेघ कुठे गेली?"

ती रेघ आम्ही बुजवली होती. किटमध्ये ती कोरलेली होती. जोडाचा खड्डा समजून आम्ही तीत पुटी भरली आणि घासून सपाट केली. ज्या सांध्यावर त्या माणसाने कित्येक रात्री काम केले होते तोच सांधा आम्ही पुसून टाकला होता. तेव्हापासून नियम केला : घासायला बसण्यापूर्वी खऱ्या विमानाची छायाचित्रे समोर ठेवायची, आणि कोणती रेघ किटच्या जोडाची आणि कोणती विमानाची हे पेन्सिलने खुणा करून ठरवायचे.

छायाचित्रे पाहिली की दुसरी गोष्टही लक्षात येते. विमानाचा पत्रा आरशासारखा नसतो. तो शुद्ध ॲल्युमिनियमचाही नसतो, कारण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून ड्युरॅल्युमिन हा कठीण मिश्रधातू तयार केला. तो बळकट, पण हवेने लवकर खराब होणारा. म्हणून पुढे अमेरिकेत त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला पत्रा निघाला. त्याचे नाव अल्क्लॅड. आपल्याकडे पितळी भांड्याला कल्हई करत, तसाच हा प्रकार समजावा. आत एक धातू, आणि खराब होऊ नये म्हणून वर दुसरा. मॉडेल करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध असलेल्या धातुरंगाचे 'अल्क्लॅड टू' हे नाव याच पत्र्यावरून आले आहे.

हे पत्रे लाटून काढलेले असतात, त्यामुळे लाटण्याच्या दिशेने त्यांच्यावर बारीक रेषा असतात. एक पत्रा उभा बसवला आणि शेजारचा आडवा, तर एकाच उन्हात एक उजळ दिसतो आणि दुसरा काळपट. इंजिनाजवळचे पत्रे उष्णता सहन करणाऱ्या वेगळ्या धातूचे असतात. काही पत्रे दुरुस्तीत बदललेले, नवे असतात. अंगभर एकच चंदेरी रंग दिला की हे सगळे जाते आणि मग तो पेला होतो.

काही ठिकाणी तर जो पत्रा वाटतो तो रंगच असतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पी-५१ मस्टँग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकेने आपली बहुतेक विमाने हिरव्या रंगाशिवाय, उघड्या पत्र्याची पाठवायला सुरुवात केली. वजन वाचे आणि कारखान्यातला वेळही. पण मस्टँगच्या पंखावरून हवा विनाअडथळा वाहावी म्हणून पंखाचे सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुटीने भरून वर ॲल्युमिनियमचा रंग मारत. त्यामुळे मस्टँगचे धड चमकते आणि पंख मंद, सपाट चंदेरी दिसतो. पंखावर रिव्हेट कोरत बसणारे आम्हीही होतो.

चंदेरी रंग का फसतो

साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. हिशेब करून पाहावा. चकती ०.०५ मिलीमीटरची असेल आणि मॉडेल १/४८ प्रमाणाचे असेल, तर खऱ्या विमानावर ती २.४ मिलीमीटरची झाली, म्हणजे साबुदाण्याएवढी! साबुदाणे चिकटवलेले विमान कसे दिसेल? शिवाय घट्ट रंगात या चकत्या वेड्यावाकड्या बसतात, प्रकाश चारी दिशांना उडतो आणि पृष्ठभाग करडा दिसतो.

मॉडेलसाठीच्या धातुरंगात कण फार बारीक आणि द्रावण अगदी पातळ असते. द्रावण उडून गेले की कण खालच्या पृष्ठभागावर आडवे निजतात आणि प्रकाश एका दिशेने परततो. पण त्यासाठी खालचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. सगळी गोम इथे आहे. हे रंग काहीही झाकत नाहीत, उलट दाखवून देतात. कल्हईवाला भांडे आधी किती घासत असे ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

घासणे

एकूण कामाचा निम्म्याहून अधिक वेळ यात जातो. जोड भरताना साधी पुटी वापरू नये. ती वाळताना आकसते, आणि तिच्यात द्रावण प्लॅस्टिकपेक्षा वेगळे मुरते. हाताला सपाट लागलेला जोड धातुरंग मारल्यावर भुतासारखा वर येतो. आमच्या दुसऱ्या मॉडेलच्या पोटावर तो असाच आला. त्याऐवजी सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे आपण तुटलेल्या वस्तूंना लावतो तोच झटपट गोंद, जोडात भरावा आणि त्याच दिवशी घासावा. दिवस उलटला की तो प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो आणि घासताना शेजारचे प्लॅस्टिकच खोलगट होते.

वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे : आधी ४०० किंवा ६०० नंबर, मग १०००, मग २०००. प्रत्येक नंबराला दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही हे दिसते. याच्याही पुढे कापडी पाठीचे बारीक पॉलिश पेपर मिळतात. नाही मिळाले तर पांढरी टूथपेस्ट ओल्या सुती कापडावर घेऊन चोळावी. जेल चालत नाही. आमच्या घरी टूथपेस्ट इतक्या लवकर का संपते, यावर एक चौकशी समिती नेमली गेली होती, ते असो.

घासताना बुजलेल्या रेघा परत कोराव्या लागतात. लेबलाची जाड चिकटपट्टी कडेला लावावी आणि सुई पिनवाइसमध्ये धरून तिच्या कडेने हलक्या हाताने ओढावी. एका जोरात नव्हे, दहा हलक्या ओढींत. अण्णांची ती रेघ लेथवाल्या मित्रांनी अशीच परत आणली. तो हात त्यांचाच. नंतर सगळे मॉडेल भांड्यांच्या साबणाने धुवावे आणि यापुढे हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये. बोटाचे तेल दिसत नाही, पण त्यावर रंग धरत नाही.

काळा अस्तर

चंदेरी विमानाला आधी काळाभोर, चकचकीत रंग द्यायचा हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. कारण असे : धातुरंगाचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून पार जातो. खाली पांढरा किंवा करडा रंग असेल तर तो प्रकाश विखरून परत येतो आणि धातूची धार जाते. खाली काळा असेल तर तो प्रकाश तिथेच गिळला जातो. वर दिसते ते फक्त कणांवरून परतलेले तेज. चकचकीत का, तर अस्तराची जी चमक असेल तीच वरच्या थराची होते.

म्हणूनच सगळीकडे एकसारखा काळा देऊ नये. काही पत्र्यांखाली गडद करडा दिला की वरून एकच धातुरंग मारूनही ते पत्रे मंद दिसतात. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा वाटणारा उपाय आहे.

दोन धोके सांगतो. गाडीच्या रंगाच्या दुकानातील एनसी थिनरने पातळ केलेला काळा रंग उघड्या प्लॅस्टिकवर मारू नये. आमच्या एका पंखाचा पृष्ठभाग त्याने संत्र्याच्या सालीसारखा केला. दुसरे, अस्तर पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरून कोरडे वाटणारे इनॅमल आत मऊ असते. त्यावर तीव्र द्रावणाचा धातुरंग पडला की बारीक भेगा पडतात. ॲक्रिलिक असेल तर एक-दोन दिवस, इनॅमल असेल तर आठवडा थांबावे. मॉडेल नाकाजवळ धरून वास घ्यावा. रंगाचा वास येत असेल तर ते वाळलेले नाही.

आणि बेळगावचा पावसाळा. आमचे दुसरे मॉडेल ऑगस्टअखेर यातच गेले. द्रावण झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेत दमटपणा असेल तर त्यावर सूक्ष्म पाणी धरते. लॅकर वाळते ते पांढुरके, धुके आल्यासारखे. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठते आणि मधूनच थेंब थुंकते. नळीला पाणी अडवणारी बाटली बसवल्याशिवाय कामाला लागू नये, आणि बाहेर धो धो कोसळत असताना तर नाहीच. आम्ही घाई केली, कारण सप्टेंबरची तारीख डोळ्यांसमोर होती. तारीख गेली. मॉडेल पुन्हा खरवडून प्लॅस्टिकपर्यंत आणावे लागले. अण्णांनी विचारले नाही, आम्हीही काही बोललो नाही.

धातुरंग मारणे

यासाठी एअरब्रशच हवा. सुई ०.२ ते ०.३ मिलीमीटरची, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर पाच ते आठ सेंटीमीटर. रंग आधीच पातळ असतो, त्यात थिनर घालायचे नाही. बाटली मात्र मध्येमध्ये हलवावी, कण तळाशी बसतात. ओला थर कधीही मारू नये. धुक्यासारखे हलके फवारे, प्रत्येक फवाऱ्यानंतर मिनिटभर थांबून. पहिल्या दोन फवाऱ्यांत काहीच झाले नाही असे वाटते; तिसऱ्या-चौथ्याला काळ्यातून धातू वर येतो. काळा दिसेनासा झाला की तत्काळ थांबावे. "अजून एक हात" देण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्या एका हाताने चमक जाऊन करडेपणा येतो. खर्च मंजूर करताना हात आखडता घेण्याची सवय आम्हाला इथे उपयोगी पडली.

मग काही पत्रे झाकून इतरांवर जरा गडद छटेचा फवारा द्यावा. झाकायची चिकटपट्टी आधी तळहाताला दोन-तीनदा लावून तिचा चिकटपणा कमी करावा, नाहीतर ती निघताना धातूही घेऊन निघते.

ज्या घरात लहान मुले आहेत किंवा कुणाला दम्याचा त्रास आहे तिथे लॅकरचे रंग नकोतच. व्हॅलेहो कंपनीचे पाण्याने पुसता येणारे धातुरंग एअरब्रशसाठी मिळतात. चमक थोडी कमी, पण मिगसारख्या रोज उन्हापावसात उभ्या राहिलेल्या विमानाला तीच शोभते. लॅकर वापरायचे तर खिडकी उघडी, वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क तोंडावर, आणि देवघरातील निरांजनापासूनही लांब. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

खरा पत्रा

मॉडेलवर काही भाग खऱ्या ॲल्युमिनियमचा आहे हे वर म्हटले. स्वयंपाकघरातील पोळ्या गुंडाळायची फॉइल सुमारे ०.०१५ मिलीमीटर जाड असते. ४८ ने गुणले तर ०.७२ मिलीमीटर, म्हणजे खऱ्या पत्र्याच्या जाडीच्या जवळपास! मागून चिकटवणारे पाण्यासारखे गोंद असते. ते फॉइलला लावून पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावे, मग तुकडा पत्र्याच्या आकारापेक्षा थोडा मोठा कापून बसवावा, कापसाच्या काडीने मधून कडेकडे दाबत न्यावा आणि रेघेवर नव्या पात्याने कापून जादाचा भाग काढावा. चिकट पाठीची तयार 'बेअर मेटल फॉइल' मिळते, ती अधिक पातळ आणि वळणावर सहज बसते, पण महाग आहे.

फॉइलची खरी गंमत म्हणजे तिला दिशा देता येते. अगदी बारीक स्टील वुलने एका दिशेत हलकेच ओढले की लाटलेल्या पत्र्यासारख्या रेषा येतात. एक तुकडा उभा, शेजारचा आडवा. काळपट पत्रा हवा असेल तर फॉइल साध्या पाण्यात उकळावी. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी उकळले की ते आतून काळवंडते हे घरोघरी माहीत आहे. तेच इथे मुद्दाम करायचे. आमच्या नळाच्या पाण्यात काही वेळात छान राखाडी छटा आली.

नाकपुड्या, पंखांची टोके अशा दोन्हीकडून वळणाऱ्या जागी मात्र फॉइलला चुण्या पडतात. तिथे रंगच बरा. आम्ही फॉइल फक्त कॉकपिटच्या मागचे चार पत्रे आणि शेपटीच्या बाजूचे दोन यांना लावली.

मिगचे बारकावे

नाकातील शंकू, ज्यात रडार असते, तो धातूचा नाही, हिरवा. उभ्या शेपटाचे टोकही तसेच. ते चंदेरी रंगवलेले मिग आम्ही प्रदर्शनांत पाहिले आहे आणि आता सहन होत नाही.

मागच्या धुराड्याचा रंग हा आमच्या लेथवाल्यांचा प्रांत. तापलेल्या पोलादावर रंग क्रमाने चढतात : आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, आणि सर्वांत तापलेल्या जागी निळा. लेथवर निघणारा छिलका निळा पडतो तो यामुळेच. मॉडेलवर हा क्रम उलटा मारलेला पुष्कळदा दिसतो. पारदर्शक पिवळा, तपकिरी आणि निळा अगदी पातळ करून, जवळजवळ काही दिसत नाही इतका, एकावर एक द्यावा. पेन्सिलीच्या शिशाची पूड मऊ ब्रशने चोळली की जळका लोखंडी भाव येतो. त्यावर दुसरे काही लागत नाही.

चक्रे आणि आकडे यांची पाण्याने निघणारी चित्रे बसवताना सावध राहावे. चित्र मऊ करणारे काही द्राव धातुरंग विरघळवतात. आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे. वरून चकचकीत वार्निश मारून सगळे पक्के करण्याचा विचार मनात येईल. तो बाजूला ठेवावा. वार्निशने धातू पुन्हा रंग दिसू लागतो. फक्त चित्रांवर, ब्रशने, पातळ.

तिसरे मॉडेल दिवाळीनंतर कोरड्या हवेत पूर्ण झाले. पंखांचा विस्तार जेमतेम पंधरा सेंटीमीटर, कारण खऱ्या विमानाचाही सव्वासात मीटरच्या आतच. अण्णांनी हातमोजे घालायला नकार दिला. त्यांनी ते खिडकीत धरले, हळूहळू फिरवले, आणि पत्र्यांवरची उजळ-काळपट छटा बदलू लागली तसे थांबून अंगठ्याने पंखामागची ती रेघ चाचपली. "इथून सुटतं," ते नातवाला म्हणाले, "आणि मग ट्रॉलीवर मागे ओढायचं." पुढचा अर्धा तास ते फक्त नातवाशी बोलत होते. आम्ही चहा घेऊन निघालो. मॉडेल वाचनालयात ठेवण्याची सूचना त्यांचीच. "घरी ठेवलं तर मोलकरीण ओल्या फडक्यानं पुसेल," म्हणाले.

ओल्या फडक्याने पुसू नये हे खरेच. मऊ, कोरड्या मेकअपच्या ब्रशने धूळ झटकावी, आणि मॉडेल काचेआड ठेवावे. डाव्या पंखामागे अंगठ्याचा ठसा दिसेल तो अण्णांचा आहे. तो काढायचा नाही असे ठरले आहे, कृपया कुणी मदत म्हणून पुसू नये.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर सराव करावा. चमच्याला बाक असतो, तो विमानाच्या नाकासारखा वागतो, आणि डझनभर चमचे किटच्या मानाने फुकटच. एका चमच्याला काळे चकचकीत अस्तर, एकाला करडे, एकाला काहीच नाही. तिन्हींवर एकच धातुरंग मारावा आणि मागे तारीख व अस्तर लिहून ठेवावे. आमचे असे एकोणतीस चमचे कपाटाच्या खालच्या खणात आहेत, मागितल्यास दाखवू. पुढचे विमान मस्टँग घ्यायचे ठरले आहे. किट येऊन पडले आहे, पण काळा अस्तर द्यायचा तो दसरा झाल्यावरच.